सदाशिव पेठेतली खासगी दस्तऐवज आणि फुटेज तपासणी: बचाव पक्षाच्या वकिलाचा अनुभव

शिवाजीनगर कोर्टात आरोपीच्या बाजूने फौजदारी खटले चालवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी खासगी तज्ञाचं दार ठोठवावं लागतं. वादग्रस्त सही, खाडाखोड केलेला आकडा, सीसीटीव्हीचं फुटेज, मोबाइलमधलं चॅट, यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी सरकार पक्षाकडे प्रयोगशाळा आहे. आरोपीकडे फक्त वकील असतो. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या एका खासगी तपासणी सेवेकडून मी दोन प्रकरणांत काम करून घेतलं. हस्ताक्षर आणि दस्तऐवज हे त्यांचं मुख्य काम, जोडीला डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठवणारा संच), पेन ड्राइव्ह आणि मोबाइलची तपासणी. माझं मत आधीच सांगते: काम प्रामाणिक आहे, आणि त्या प्रामाणिकपणामुळेच काही पक्षकार तिथून नाराज होऊन खाली उतरतात.

नाव लिहीत नाही. दोनपैकी एक खटला अजून चालू आहे आणि हेच तज्ञ त्यात आमचे साक्षीदार आहेत. साक्ष व्हायच्या आधी वकिलाने आपल्याच साक्षीदाराची जाहीर स्तुती करणं योग्य नाही. वकिलीतल्या लोकांना वर्णनावरून ओळख पटेल, इतरांनी आपल्या वकिलाला विचारावं.

पहिलं प्रकरण सहीचं. हवेली तालुक्यातले दोन भाऊ. थोरल्याची फिर्याद अशी की वाटणीच्या संमतिपत्रावर त्याची खोटी सही करून धाकट्याने फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, नोंदवून घेतला. कागद नवे कायदे येण्याआधीचा, म्हणून कलमं जुन्या भारतीय दंड संहितेची, फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाची: ४२०, ४६७, ४६८, ४७१. धाकटा माझा पक्षकार. पोलिसांनी थोरल्या भावाला ठाण्यात बसवून पंचांसमोर पानंच्या पानं नमुना सह्या घेतल्या आणि संमतिपत्रासोबत तपासणीला पाठवल्या. सरकारी अहवाल आला: वादग्रस्त सह्या नमुना सह्या करणाऱ्या व्यक्तीच्या नाहीत. मग त्या कुणाच्या, याबद्दल अहवालात एक अक्षर नव्हतं, पण घरच्यांच्या लेखी निकाल लागून गेला होता. माझ्या पक्षकाराची बायको मला म्हणाली, "मॅडम, आता सरकारच म्हणतंय तर आमचं कोण ऐकणार?"

मग मी सदाशिव पेठेत फोन केला. तिथल्या तज्ञ सरांचा पहिलाच प्रश्न मी लिहून ठेवला होता. "संमतिपत्र कोणत्या सालचं आणि नमुना सह्या कधी घेतल्या?" मधे काही वर्षं गेली होती. "मधल्या काळात त्या गृहस्थांच्या हाताला काही झालं का?" झालं होतं. थोरल्या भावाला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता, उजव्या बाजूला. हात बराच सुधारला, पण अक्षर पूर्वीचं राहिलं नाही. दोषारोपपत्रात याचा कुठेही उल्लेख नाही. सरकारी परीक्षकाला दोष द्यायचं कारण नाही, त्याच्या टेबलावर जे येतं तेवढंच तो पाहतो. आजारानंतरच्या सह्या आजाराआधीच्या सहीशी ताडायला दिल्या, आणि त्या जुळल्या नाहीत. जुळल्या असत्या तरच नवल.

दोषारोपपत्राच्या प्रतीतली झेरॉक्स मी पाठवली होती. त्यावर काम करायला त्यांनी चक्क नकार दिला. झेरॉक्समध्ये पेनाचा दाब दिसत नाही, रेघ कुठे थांबून पुन्हा सुरू झाली ते कळत नाही, फिकट थरथर नाहीशी होते आणि मशीनचे डाग नव्या खुणांसारखे वाटतात. मूळ कागद पाहायला मिळाला तरच काम घेईन, ही त्यांची अट. मग मी कोर्टात अर्ज दिला, परवानगी मिळाली, आणि सर कॅमेरा, मोजपट्टी, हातात धरायचा सूक्ष्मदर्शक आणि एक लहानसा दिवा घेऊन कोर्टात आले. बेंच क्लार्कच्या नजरेसमोर त्यांनी फोटो काढले. दिवा कागदाच्या पातळीत आडवा धरला की पेनाने पडलेल्या चऱ्या सावल्यांनी उठून दिसतात. गिरवून केलेल्या सहीत दाब सगळीकडे सारखा आणि जड असतो. सहज केलेल्या सहीत तो चढतो-उतरतो, आणि शेवटचा फटकारा कागदावरून हवेत निघून जातो. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं.

दुसरी अट कबूल सह्यांची. संमतिपत्राच्या आगेमागे, वाद नसताना, रोजच्या कामात केलेल्या सह्या हव्यात, आणि त्याही मुळातल्या. विविध कार्यकारी सोसायटीची कर्जप्रकरणं, बँकेतले पेन्शनचे हयातीचे दाखले, गावच्या शाळेच्या समितीचं इतिवृत्त. ही कागदपत्रं मागवण्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. वेळ गेला, पण त्यातून जे हाती लागलं त्यावर सगळं काम उभं राहिलं.

थोरले भाऊ जिल्हा परिषदेतले निवृत्त कारकून, सही मराठीत करणारे. आता देवनागरी सहीत एक गोष्ट आहे जी रोमन लिपीत नाही: शिरोरेघ. कुणी प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ देतो, कुणी आधी रेघ ओढून अक्षरं तिच्याखाली टांगतो, कुणी आडनाव संपवून मग डावीकडे परत येतो आणि एका झटक्यात सगळ्यावर रेघ मारतो. ही सवय शाळेत लागते आणि माणूस तिच्याकडे कधी लक्ष देत नाही, त्यामुळे नक्कल करणाराही अक्षरांच्या आकाराकडे पाहतो आणि रेघेचा क्रम विसरतो. कबूल सह्यांमध्ये थोरल्या भावाची रेघ शेवटी आलेली होती, एका झटक्यात, आणि आडनावाच्या वेलांटीला कापून जाणारी. संमतिपत्रावरही तसंच. ठाण्यात घेतलेल्या नमुना सह्यांमध्ये मात्र प्रत्येक अक्षरावर तुकड्यातुकड्याने रेघ. आजारी हाताने सावकाश लिहिताना असं होऊ शकतं. मुद्दाम बदलून लिहितानाही होऊ शकतं. यातलं कोणतं, हे सांगायचं त्यांनी नाकारलं. या विषयावरची बहुतेक इंग्रजी पुस्तकं रोमन अक्षरांवर लिहिलेली आहेत. सरांनी मराठी सह्यांचे स्वतः जमवलेले मोठे तक्ते भिंतीवर लावले आहेत, आणि तेवढ्यासाठी तरी त्या दोन खोल्या पाहाव्यात असं मी सहकाऱ्यांना सांगते.

अहवालाचा निष्कर्ष मात्र पक्षकाराला आवडला नाही. संमतिपत्रावर तीन सह्या होत्या. एकीवर रबरी शिक्का उमटल्यामुळे ती तपासणीतून बाद. उरलेल्या दोनांबद्दल लिहिलं होतं: कबूल सह्या करणाऱ्यानेच त्या केल्या असण्याची शक्यता अधिक, परंतु उपलब्ध साहित्यावर ठाम मत देता येत नाही. "साहेब, एवढे पैसे दिले, ठाम लिहा की," असं माझ्या पक्षकाराने त्यांना तोंडावर म्हटलं. सरांनी शांतपणे फाइल त्याच्यासमोर ठेवली, दोन जागा दाखवल्या जिथे अक्षरांत फरक होता, आणि म्हणाले, "हे मी लपवलं तर समोरचा वकील दाखवेल. मग तुमचं उरलेलंही जाईल."

साक्षीच्या दिवशी उलटतपास कडक झाला. तुम्हाला फी आरोपीने दिली ना? हो, आणि किती तेही त्यांनी सांगितलं. दुसरा तज्ञ वेगळं मत देऊ शकेल? देऊ शकेल. तुमच्या मते सही थोरल्या भावाचीच आहे, असं तुम्ही खात्रीने म्हणता का? नाही, खात्रीने म्हणत नाही. पण आजारानंतरच्या नमुन्यांवरून ती त्यांची नाही असंही कुणाला खात्रीने म्हणता येणार नाही. एवढंच आम्हाला हवं होतं. माझा पक्षकार निर्दोष सुटला, पण निकालपत्रात या अहवालाला जेमतेम एक परिच्छेद आहे. न्यायालयाने मुख्य आधार घेतला तो फेरफाराच्या नोटिशीची पोच थोरल्या भावाच्या घरी दिली गेल्याचा आणि संमतिपत्रावरच्या दोन साक्षीदारांचा. मला हे रास्त वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये मगन बिहारी लालच्या खटल्यात हस्ताक्षर तज्ञाच्या मताकडे सावधपणे पाहायला सांगितलं. १९८० च्या मुरारी लालच्या निकालात तेच न्यायालय म्हणालं की बोटांच्या ठशांइतकं हे शास्त्र पक्कं नाही, तरी दुजोरा मिळालाच पाहिजे असा काही पक्का नियम नाही, पण सावधगिरी सोडू नका, तज्ञाची कारणं तपासा. म्हणजे अहवालाची किंमत त्याच्या निष्कर्षापेक्षा त्यातल्या कारणांवर ठरते. सदाशिव पेठेतल्या या अहवालात चौदा पानं कारणांची होती, फोटोंवर बाण आणि क्रमांक घातलेली, आणि निष्कर्ष चार ओळींचा.

याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी चौकशी केली होती. तिथे फोन उचलणाऱ्याने कागद न पाहता विचारलं, "मत कोणत्या बाजूने हवंय?" मी फोन ठेवला. असे लोक या धंद्यात आहेत, आणि त्यांच्यामुळे खासगी तज्ञ म्हटलं की न्यायाधीशांच्या कपाळावर आठी पडते.

दुसरं प्रकरण फुटेजचं. तो खटला चालू आहे, म्हणून तपशील मोजकेच देते. घटनेच्या वेळी आरोपी आपल्या कामाच्या जागी होता असं आमचं म्हणणं, आणि शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात तो दिसतो. पोलिसांनीही ते फुटेज पाहिलं होतं. त्यांनी घेतलं कसं, तर डीव्हीआरच्या पडद्यासमोर मोबाइल धरून शूटिंग केलं. पडद्याची लकाकी, मागे दुकानदाराचं बोलणं, आणि चेहऱ्याच्या जागी ठिपके. मूळ डीव्हीआर दुकानातच चालू, आणि असे डीव्हीआर जागा भरली की जुनं पुसून त्यावरच नवं भरत जातात.

मी संध्याकाळी फोन केला आणि सर दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात हजर. सगळ्यात आधी त्यांनी काय करावं? डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ एकाच चौकटीत येईल असा फोटो काढला. डीव्हीआरचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे होतं. हे नोंदलं नसतं तर त्या अकरा मिनिटांवर आमचा सगळा बचाव कोसळला असता, कारण फुटेजवरच्या आकड्याप्रमाणे आरोपी दुकानासमोर येतो तो घटना होऊन गेल्यावर. मग रेकॉर्डिंग थांबवून डिस्क काढली. तिच्यावर काही लिहिलं जाऊ नये अशी व्यवस्था करणाऱ्या उपकरणातून तिची हुबेहूब प्रत घेतली, आणि मूळ व प्रत दोन्हींचं हॅश मूल्य काढून दुकानदारासमोर कागदावर उतरवलं. हॅश म्हणजे सबंध फाइलवरून गणिताने काढलेली एक लांबलचक संख्या. फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी ती पूर्ण वेगळी येते. त्यामुळे दोन वर्षांनी कोर्टात उघडलेली फाइल तीच आहे की नाही, यावर वाद घालावा लागत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच आला. त्याचे दोन भाग आहेत. भाग अ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ञाने, आणि दोन्हींत हॅश मूल्य व ते कोणत्या पद्धतीने काढलं हे लिहायचं. जुन्या साक्ष कायद्यातल्या कलम ६५ ब च्या काळात प्रमाणपत्र विसरणं ही आमच्या पेशातली नेहमीची गोष्ट होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अन्वरच्या खटल्यात ते आवश्यक ठरवलं. नंतर काही निकालांनी गोंधळ वाढवला, आणि शेवटी २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात तीन न्यायाधीशांनी पुन्हा ठणकावून सांगितलं. हे प्रकरण आपल्याच राज्यातलं, जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीतलं. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाले का, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरवायचं होतं, आणि मागूनही प्रमाणपत्र मिळत नव्हतं. असं झालं तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येतं, हेही त्या निकालात आहे. प्रत्येक फौजदारी वकिलाने तो मुळातून वाचावा.

सरांच्या कार्यालयात प्रमाणपत्राचे दोन्ही भाग तयार मिळतात, पण भाग अ ते स्वतः भरत नाहीत. तो दुकानदारालाच समजावून सांगून त्याच्याकडून भरून घेतात. आमचा दुकानदार घाबरला होता. पोलीस, कोर्ट, सही, काहीच नको म्हणत होता. सरांनी अर्धा तास त्याच्या गल्ल्याशेजारी बसून एकेक रकाना मराठीत सांगितला. ही गोष्ट दरपत्रकात कुठे नसते, पण माझ्या दृष्टीने या सेवेची अर्धी किंमत यात वसूल होते.

कागद किंवा डिस्क तिथे दिली की काय होतं, तेही सांगते. पाकीट तुमच्यासमोर आणि कॅमेऱ्यासमोर उघडतात. लाख, सील, लेबल कसं आहे ते वहीत लिहितात, तुमची सही घेतात, पोच देतात. परत नेताना पुन्हा तेच. पुणेकरांना याचं महत्त्व आता वेगळं सांगावं लागत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. ससूनमध्ये घेतलेला रक्ताचा नमुना बदलून दुसऱ्याच व्यक्तीचं रक्त तिथे ठेवल्याचा पोलिसांचा आरोप आहे. औंधच्या रुग्णालयात वेगळा घेतलेला नमुना डीएनएसाठी ताडून पाहिल्यावर हे उघड झालं, असं पोलिसांचं म्हणणं आहे. आरोप सिद्ध व्हायचे आहेत, आणि वकील म्हणून मी तेवढंच म्हणेन. पण प्रयोगशाळेतलं यंत्र कितीही अचूक असलं तरी बाटलीत कुणाचं रक्त आहे हे ते सांगत नाही, हे त्या प्रकरणाने गावाला समजलं. मुद्देमाल खोलीत महिनोन्‌महिने पडलेले नमुने आणि सील पुसट झालेल्या बाटल्या मी सीए रिपोर्टच्या (रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाच्या) मागे धावताना पाहिल्या आहेत. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या कट्टावेल्लई खटल्यात डीएनए नमुन्यांसाठी देशभर लागू होणाऱ्या सूचना दिल्या. नमुना घेतल्यापासून ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवायचा, उशीर झाला तर कारण नोंदवायचं, आणि नमुना कुणाच्या हातून कुणाकडे गेला याची नोंदवही ठेवायची. सदाशिव पेठेतली ही छोटी सेवा आपली वही त्याच्या आधीपासून ठेवते आहे.

काय करत नाहीत, याची यादीही दारावर लावली आहे. डीएनए, विष, रक्त, बंदूक, आवाजाची तुलना, काहीही नाही. अक्षरावरून स्वभाव सांगणं नाही. आणि लाय डिटेक्टर, नार्को कुठे होईल ते विचारू नका. लोक खरंच विचारतात. "आमचा मुलगा निर्दोष आहे, मशीनवर बसवा," असं म्हणणारे आई-बाप मीही पाहिले आहेत. त्यांना मी पुण्यातलाच दाखला देते. २००८ मध्ये इथल्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाच्या एका खुनाच्या खटल्यात आरोपींना दोषी ठरवताना मेंदूतल्या विद्युत लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला. जगभरच्या वर्तमानपत्रांत ती बातमी गेली आणि अनेक मेंदूतज्ञांनी त्या चाचणीवर गंभीर आक्षेप घेतले. २०१० च्या सेल्वी निकालात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या चाचण्या करायला बंदी घातली. संमतीने केली तरी तिचा निकाल तसाच पुरावा म्हणून घेता येत नाही.

आणि अगदी उलट टोकाचा खटलाही पुण्याचाच आहे. लागू खटला. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये डॉ. लागू आपल्या पेशंट लक्ष्मीबाई कर्वे यांना पुण्याहून रात्रीच्या गाडीने मुंबईला घेऊन गेले. पहाटे त्यांना बेशुद्ध अवस्थेत जी. टी. रुग्णालयात दाखल केलं आणि त्या तिथे वारल्या. रासायनिक विश्लेषकाला व्हिसेऱ्यात (मृतदेहातून तपासणीसाठी काढलेल्या अवयवांत) विष सापडलं नाही. तरीही बाईंची मालमत्ता लाटण्यासाठी डॉक्टरांनी आधी आणि नंतर जे जे केलं त्यावरून फाशी झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती बहुमताने कायम केली. एका न्यायाधीशांनी विरुद्ध मत दिलं होतं. अहवाल कोरा आला म्हणजे गुन्हा घडला नाही असं होत नाही, आणि यंत्राने आलेख काढला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असंही होत नाही. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला मी हे दोन्ही खटले एकत्र वाचायला लावते.

आता पैसे. सहीच्या तपासणीला मी अठरा हजार दिले, त्यात कोर्टातलं छायाचित्रण आलं. साक्षीला येण्याचे प्रत्येक तारखेला पाच हजार वेगळे. तारीख पुढे गेली आणि आदल्या संध्याकाळपर्यंत कळवलं तर काही घेत नाहीत. डीव्हीआरचं काम डिस्कच्या आकारावर ठरतं. बिल देतात. ही रक्कम पुण्यात अवाजवी नाही, पण माझ्या पक्षकाराला त्यासाठी उसने काढावे लागले. सगळ्यात टोचणारी गोष्ट तीच. सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली तज्ञाला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. खासगी तज्ञाला मात्र स्वतः पिंजऱ्यात उभं राहावं लागतं, म्हणजे दर तारखेचे पैसे. नव्या संहितेच्या कलम १७६ ने सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक केलं, त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली. चांगलंच आहे. मात्र तो तज्ञ तपास यंत्रणेच्या बाजूने जातो. गरीब आरोपीला लोक अभिरक्षक कार्यालयातून वकील मिळतो, तो अनेकदा उत्तम असतो, पण त्या वकिलाने सरकारी अहवाल कुणाला दाखवायचा? मी पाहिलेल्या प्रकरणांत तज्ञाची फी घरच्यांनीच भरली, नाहीतर तज्ञ आलाच नाही. सर वर्षातून थोडी प्रकरणं निम्म्या फीत करतात असं त्यांनी मला सांगितलं. त्यांच्या चांगुलपणावर ही गोष्ट अवलंबून राहावी हे मला मान्य नाही. विधी सेवा प्राधिकरणाने तज्ञांचंही पॅनेल करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तक्रारी आहेत. अहवाल ठरल्या तारखेला मिळाला नाही, त्यामुळे मला कोर्टाकडे मुदत मागावी लागली आणि ती मागताना बोलणी खावी लागली. सगळं काम एका माणसाच्या डोळ्यांवर चालतं. मदतीला दोन मुली आहेत, हुशार आहेत, पण सही सरांचीच लागते आणि सर कधी नागपुरात तर कधी कोल्हापुरात साक्षीला असतात. अहवाल इंग्रजीत असतो. आमच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात साक्ष मराठीत नोंदवली जाते, पक्षकाराला मराठीच वाचता येतं, आणि शिरोरेघेवरचं चौदा पानी विवेचन इंग्रजीत वाचायचं हे मला पटत नाही. आग्रह केल्यावर तीन पानांचा मराठी गोषवारा दिला आणि तो छान होता. तो न मागता मिळायला हवा. इमारतीला लिफ्ट नाही. माझे सत्तरीतले एक पक्षकार अर्ध्या जिन्यात बसले होते. शनिवारी दुपारी त्या गल्लीत दुचाकीलाही जागा नसते, तेव्हा शक्यतो सकाळी जा.

फुटेजचं काम असेल तर इकडेतिकडे विचारत बसू नका, त्याच दिवशी फोन करा. तोवर डीव्हीआरच्या मालकाला रेकॉर्डिंग थांबवायला सांगा. सहीचं काम असेल तर घरातल्या ट्रंका, बँकेचे जुने फॉर्म, सोसायटीची पावतीपुस्तकं आधी शोधून ठेवा, त्याच सालातली जितकी मिळतील तितकी. मूळ कागद कुरिअरने पाठवू नका, स्वतः घेऊन जा आणि पोच घेतल्याशिवाय खाली उतरू नका. कागदाला घडी घालू नका, स्टेपल मारू नका, सहीखाली पेनाने खूण करू नका. आणि निष्कर्ष अर्धवट आला तर त्यांच्याशी भांडू नका. तो अहवाल तसाच वकिलाच्या हातात द्या.

मी पुढच्या सहीच्या प्रकरणात पुन्हा त्यांच्याकडेच जाणार आहे. मोबाइलमधल्या पुसलेल्या चॅटसाठी मात्र दुसरीकडे पाहीन, कारण ते काम आपल्याकडच्या साधनांनी नीट होत नाही असं सरांनीच मला सांगितलं.